ताटावर बसून वीस शब्द पाठ, आणि लेक जेवायलाच येईना

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही पलूस तालुक्यातले, लेक अकरावी आर्ट्सला, दहावीला ७८ टक्के, आणि तिला परराष्ट्र सेवेत पाठवायचं तुम्ही पक्कं केलंय. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तानचं जे झालं ते टीव्हीवर बघितल्यापासून तुम्ही इंग्रजी चॅनेलवरचे अवघड शब्द वहीत उतरवताय आणि रोज रात्री जेवताना त्यातले वीस तिच्याकडनं पाठ म्हणवून घेताय, चुकली तर दुसऱ्या दिवशी मोबाईल बंद. तुमचा प्रश्न एवढाच की पुढचे शब्द कुठल्या पुस्तकातनं घेऊ.

पुस्तकाचं नंतर बघू. मला पत्रातली दुसरीच ओळ खटकली. "हल्ली डोकं दुखतंय म्हणते, आम्ही उठल्यावर एकटीच जेवते." हे तुम्ही तिच्या आळसाचं म्हणून लिहिलंय. मला ते तसं अजिबात वाटत नाही. डोकं खरंच दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, पण मला वाटतं ताटावर रोज परीक्षा नको म्हणून पोरगी घरच्यांबरोबर जेवणं सोडतेय. त्यात पाहुणे आले की तिला समोर बोलावून 'रॅप्रोशमां' म्हणजे काय, 'ब्रिंकमनशिप' म्हणजे काय विचारायचं, अडखळली की सगळ्यांसमोर बोलायचं आणि तिची आई मधे पडली की आईलाही बोलायचं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे किती लागत असेल याचा विचार करा. आणि एवढ्या दोन पानी पत्रात तिला स्वतःला काय करायचंय हे एकदाही आलेलं नाही.

हे पाठांतर आजपासून बंद करा. कमी करा असं म्हणत नाही, बंदच करा.

आता तुमचा जो मूळ समज आहे, की इंग्रजी फाडफाड आलं नाही तर युपीएससीच्या दारात उभं राहता येत नाही, तो आपल्या भागात घरोघरी आहे आणि चुकीचा आहे. पूर्व परीक्षेचा पेपर इंग्रजी-हिंदीत छापलेला असतो हे खरं, तेवढं वाचून समजायलाच हवं. पण मुख्य परीक्षेतला निबंध, सामान्य अध्ययनाचे चारही पेपर, वैकल्पिक विषय हे सगळं मराठीत लिहिता येतं, मुलाखतही मराठीत देता येते. इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० मार्कांचा असतो, त्यात २५ टक्के मिळाले की झालं, ते मार्क मेरिटमध्ये धरतच नाहीत, आणि पेपरचा दर्जा साधारण दहावीचा. परराष्ट्र सेवेत निवड झाली की दिल्लीत ट्रेनिंग असतं आणि मग एक परकी भाषा शिकावीच लागते, चिनी, अरबी, रशियन, जी मिळेल ती. म्हणजे भाषा शिकवायची सोय सरकारच करतं. चांगलं इंग्रजी पुढे नोकरीत लागणारच, ते मी नाकारत नाही, पण ते वाचून-बोलून येतं, ताटावर धाकानं येत नाही.

बाकी वाट तुम्हाला माहितीच आहे, कुठलीही पदवी, वय २१ पूर्ण, मग युपीएससी, परराष्ट्र सेवेची परीक्षा वेगळी नसते.

तुमच्या लेकीत काय आहे ते तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. तिचा मामा म्हणाला, पाकिस्तानचं सगळं पाणी उद्याच्या उद्या बंद करायला पाहिजे, तर ही म्हणाली, "बंद करून साठवणार कुठं? धरणं आहेत का तेवढी?" आणि मग कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय काढून मोठ्यांशी वाद घातला, म्हणून तुम्हाला लाज वाटली. मला ते वाचून फार बरं वाटलं! २०१९ चा पूर बघितलेल्या घरातली मुलगी आहे ती. धरण कुणाचं, पाणी कुणाच्या घरात, धरणाचं दार उघडायचं कुणी ठरवायचं हे तिनं लहानपणापासून ऐकलंय. भारत-पाकिस्तानमधल्या सिंधू पाणीवाटप कराराचं भांडण नेमकं त्याच जातीचं आहे. १९६० चा करार, रावी-बियास-सतलज आपल्याकडे, सिंधू-झेलम-चिनाब मुख्यतः त्यांच्याकडे, मधे वर्ल्ड बँक. १९६५, १९७१, कारगिल, तिन्ही वेळा करार टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये आपण तो 'अबेयन्स'मध्ये, म्हणजे स्थगित ठेवला, रद्द केला असं म्हटलं नाही, कारण एकट्यानं बाहेर पडायचं कलमच त्यात नाही. आणि पश्चिमेकडच्या त्या नद्यांवर आपल्याकडे मोठा साठा करायची धरणं नाहीत, म्हणजे तिनं मामाला विचारलेला प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

आता शब्दांचं बघा. या एका वादासाठी तिला अप्पर रिपेरियन (नदीच्या वरच्या अंगाचा देश), लोअर रिपेरियन (खालच्या अंगाचा), रन-ऑफ-द-रिव्हर (मोठा साठा न करता वाहत्या पाण्यावर चालणारा वीजप्रकल्प), न्यूट्रल एक्स्पर्ट (तटस्थ तज्ज्ञ), ट्रायब्यूनल (लवाद), अबेयन्स एवढे शब्द लागतील आणि ते ती विसरणार नाही, कारण प्रत्येकामागे काय भांडण आहे ते तिला कळतं. करायचं एवढंच, आठवड्यातनं एक बातमी घ्यायची, आधी मराठी पेपरात वाचायची, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाईटवरचं निवेदन, मग त्याच विषयावर पाकिस्तानचं निवेदन, आणि दोघांनी कुठला शब्द वापरला, कुठला टाळला ते तिनं स्वतः शोधायचं. १० मे २०२५ चंच घ्या, ट्रम्प 'सीझफायर' (शस्त्रसंधी) म्हणाले, आपल्या परराष्ट्र सचिवांनी दोन्ही बाजू गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवतायत एवढंच सांगितलं. हे का, यावर तिला मराठीत बोलू द्या आणि तुम्ही ऐका. मधे इंग्रजी सुधारायला जाऊ नका.

एकदा रविवारी तिला घेऊन देवराष्ट्र्याला जाऊन या, तुमच्या शेजारचाच तालुका. यशवंतराव चव्हाण तिथं जन्मले, कराडच्या शाळेत शिकले, १९६६ मध्ये पाकिस्तानशी ताश्कंद करार झाला तेव्हा शास्त्रीजींबरोबर तिथं होते, आणि १९७१ च्या युद्धात तुटलेले पाकिस्तानशी राजनैतिक संबंध १९७६ मध्ये परत जोडले गेले तेव्हा परराष्ट्रमंत्री तेच होते. पण तिथं जाऊन "बघ, तुलाही असं व्हायचंय" म्हणू नका, एवढी विनंती.

आणि अकरावीतच परराष्ट्र सेवा ठरवून टाकणं मला पटत नाही. ही मुलगी वकील होऊन पाण्याच्या तंट्यांवर काम करू शकते, पत्रकार होऊ शकते, भूगोल घेऊन संशोधनात जाऊ शकते, किंवा खरंच युपीएससी देईल. बीएला राज्यशास्त्र किंवा भूगोल घेतला तर यातली एकही वाट बंद होत नाही, पाच वर्षांच्या लॉला जायचं असेल तर मात्र बारावीतच सीईटी द्यावी लागेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, मराठीत, तुम्ही न वाचता पाठवा. काय आवडतं, काय नको, डोकं कधीपासून दुखतंय, सगळं लिही म्हणावं. उत्तर मी तिच्या नावानं देईन.