कोणतं पुस्तक घेऊ, असं विचारणाऱ्या मुलीस

चि. … हिस,
अनेक आशीर्वाद.

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं कोणतं पुस्तक घेऊ, असं विचारून तू पाठवलेले पानांचे फोटो पाहिले. आय नावाच्या व्हेरिएबलची, म्हणजे किंमत ठेवायच्या जागेची, किंमत ५, आणि एकाच प्रिंटएफमध्ये, म्हणजे पडद्यावर छापणाऱ्या फंक्शनमध्ये, आय प्लस प्लस (आधी वापर, मग एक वाढव), मग नुसता आय, मग प्लस प्लस आय (आधी एक वाढव, मग वापर). एका पुस्तकात उत्तर ६ ६ ६, दुसऱ्यात ५ ६ ७, तुझ्या लॅपटॉपवर ६ ७ ७. आणि खाली तू लिहितेस, "सर, मलाच कळत नाहीये बहुतेक." अगं, त्यात कळण्यासारखं काही नाहीच! फंक्शनला दिलेल्या किमती कोणत्या क्रमाने काढायच्या हे सी भाषेने ठरवलेलंच नाही. आणि असं एकच व्हेरिएबल एका दमात दोनदा बदललंस, तर भाषा सरळ हात वर करते. तिन्ही उत्तरं येऊ शकतात, चौथंही येईल. ज्या पुस्तकाने त्याखाली 'आउटपुट' म्हणून चौकट आखून आकडे छापले, त्याच्या लेखकाने आपल्या मशीनवर प्रोग्रॅम चालवला, पडद्यावर दिसलं ते उतरवलं आणि पुढचं पान घेतलं. चाललं म्हणजे बरोबर नव्हे. मी हे वर्गात इतकं घोकलं की पोरं मागच्या बाकावरून माझ्याच आवाजात म्हणायची.

आता, कोणतं घेऊ? जाडी पाहू नकोस, आवृत्ती कितवी हे पाहू नकोस, 'विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांसह' असं लिहिलं असेल तर तेही सोडून दे. गेटचार, म्हणजे एक अक्षर वाचून देणारं फंक्शन, त्याचं पान काढ.

एकेक अक्षर वाचून इनपुट संपेपर्यंत पुढे छापत जायचं, हा प्रोग्रॅम प्रत्येक पुस्तकात असतो. वाचलेलं अक्षर ज्यात ठेवलंय ते व्हेरिएबल कॅर (एका बाइटचा, अक्षराचा प्रकार) आहे की इंट (त्याहून मोठा, पूर्णांकाचा प्रकार), ते बघ. बहुतेक ठिकाणी कॅर सापडेल, कारण अक्षर म्हणजे कॅर, सोपं! पण गेटचार ० ते २५५ पैकी कुठलाही बाइट देऊ शकतो, आणि शिवाय 'संपलं' हे सांगायला ईओएफ, म्हणजे सहसा उणे एक. आठ बिटांत २५६ किमती मावतात, २५७ वी कुठे ठेवणार? तुझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर कॅरला उणे किमती चालतात. तिथे फाइलमध्ये २५५ चा बाइट आला की तो उणे एक दिसतो आणि प्रोग्रॅम अर्ध्यातच थांबतो. तोच प्रोग्रॅम रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर नेलास तर तिथे कॅर उणे होतच नाही, मग तो थांबतच नाही. साध्या इंग्रजी मजकुरावर लॅपटॉपवर मात्र झकास चालतो. सी भाषा घडवणारे रिची आणि त्यांचे सहलेखक कर्निघन यांच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात तिथे इंट आहे, आणि का आहे तेही तिथेच सांगितलंय. नुसतं इंट लिहून पुढे गेलेलं पुस्तकही मला अर्धंच वाटतं.

एका पानावर भागत नसेल तर फाइलचं प्रकरण उघड. फाइल उघडणाऱ्या एफओपनने नल परत दिला, म्हणजे फाइल उघडलीच नाही, तर काय, हे पहिल्याच उदाहरणात विचारलंय का? की फाइल असणारच, असं धरून चाललेत? मग तुझं नाव देवनागरीत लिहून त्यावर एसटीआरलेन, म्हणजे स्ट्रिंगची (अक्षरांच्या माळेची) लांबी बाइटांत मोजणारं फंक्शन, चालव. 'मराठी' या तीन अक्षरांच्या शब्दाला यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, उत्तर येतं १५. ते तीन का नाही, हे तुझ्या पुस्तकावरून स्वतःचं स्वतःला उलगडता आलं, तर त्या पुस्तकाने स्ट्रिंग शिकवली. नाहीतर नुसती दाखवली.

व्हॉइड मेन, कोनिओ, सीएलआरएससीआर हे जे पुस्तकांत दिसतं, त्यावर लिहीत बसत नाही. ती टर्बो सी या जुन्या कंपायलरची (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमची) आणि डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची मिरास आहे, सी भाषेची नाही. 'इंट दोन बाइटचा असतो' असं ठोकून देणारं पुस्तक दिसलं तर दुकानातच ठेवून ये.

आणि कर्निघन-रिचींच्या, माझ्या आवडत्या पुस्तकाचीही पूजा करू नकोस. त्याची दुसरी आवृत्ती १९८८ ची. तिच्यात गेट्स या ओळ वाचणाऱ्या फंक्शनची ओळख करून दिलीय, धोक्याचा शब्द नाही. गेट्सला तू किती जागा ठेवलीस ते कळत नाही, येईल तेवढं ते भरत जातं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म, म्हणजे मशीनमागून मशीनमध्ये आपोआप घुसणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला, तेव्हा घुसायच्या त्याच्या वाटांपैकी एक हीच होती: मशीनच्या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेच्या प्रोग्रॅममधलं गेट्स, ५१२ बाइटची जागा आणि तीत कोंबलेले ५३६. तो प्रोग्रॅमही चालतच होता ना? शेवटी सी भाषेच्या २०११ च्या मानकातून, म्हणजे अधिकृत नियमांतून, गेट्स काढूनच टाकलं. तुझ्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात ते अजून आहे, मी फोटोत पाहिलं.

तू म्हणशील, सर, तुम्हीच का नाही लिहिलंत? एका प्रकाशकाने विचारलं होतं. जूनच्या आत हवं, सोडवलेले पेपर हवेत, आणि ते आय प्लस प्लसवाले प्रश्न उत्तरांसकट हवेत, कारण ते परीक्षेत येतात. मी म्हटलं, प्रश्न घालतो, पण उत्तराच्या जागी 'याला उत्तर नाही' असं छापा. त्यांनी दुसरा लेखक गाठला. घरी सगळे म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून कशाला अडून बसायचं. एवढंतेवढं? तिथेच तर सगळं आहे! पण खरं सांगू, रुखरुख आहे. पोरांच्या हातात त्या दुसऱ्याचं पुस्तक पाहिलं की वाटतं, चार पानं वाईट घालून तीनशे चांगली देता आली असती. मग वाटतं, परीक्षेला नेमकी तीच चार पानं पाठ केली असती पोरांनी. नाही, बरं झालं नाही म्हटलं ते.

असो. तुझ्यापाशी आहेत त्यातलं या कसोट्यांना उतरेल ते पुस्तक ठेव. त्यातला प्रत्येक प्रोग्रॅम हाताने टाइप कर, कॉपी-पेस्ट नको, आणि जीसीसी या कंपायलरला 'डॅश डब्ल्यू-ऑल', म्हणजे इशारे दाखवायला लावणारा पर्याय, दिल्याशिवाय कंपाइल करू नकोस. तो आय प्लस प्लसवाला प्रश्न असा कंपाइल करून बघ. कंपायलर स्वतःच कुरकुरतो, पुस्तकाला जे सुचलं नाही ते तो एका ओळीत सांगतो. कुरकुर काढून टाकायच्या आधी ती का आली ते वहीत लिही.

परीक्षेचं विचारलं होतंस. 'उत्तर ठरलेलं नाही' एवढंच लिहिलंस तर मार्क जातील. मी असतो तर घालवले असते, पण तुझी स्कॉलरशिप आहे. तेव्हा उजवीकडून डावीकडे मोजून ६ ६ ६ लिही, आणि खाली एक ओळ टाक: 'अमुक कंपायलरवर, भाषेच्या मानकानुसार वर्तन अनिश्चित'. तपासणारा चांगला असला तर थांबून वाचेल. फाइलच्या प्रकरणाचे फोटो रविवारपर्यंत पाठव, आणि या वेळी जरा उजेडात काढ.

कळावे.
तुझा,
सर