बजेट तोकडं असताना लग्नाचा फोटोग्राफर

प्रश्न : धाकट्या बहिणीचं लग्न चार महिन्यांवर आलंय. सगळा खर्च माझ्यावर आहे. फोटोंसाठी बाजूला काढलेल्या रकमेच्या तिप्पट दर एका फोटोग्राफरने सांगितला. त्याचं काम आम्हाला फार आवडलं होतं. दुसरा मात्र माझ्या बजेटमध्ये दोन दिवस, दोन कॅमेरे, व्हिडिओ, ड्रोन आणि अल्बम, सगळंच देतो म्हणतो. एवढं सगळं एवढ्यात कसं परवडतं, अशी शंका येते. काय करावं?
— एक वाचक भाऊ

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. मी लग्नांचेच फोटो काढते, त्यामुळे पैसा कुठे जातो ते सांगू शकते. लग्नाच्या दिवशी आम्ही कॅमेरा घेऊन धावपळ करतो ते सगळ्यांना दिसतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. एका दिवसात हजारो फ्रेम निघतात. त्यातल्या कामाच्या निवडायच्या, डोळे मिटलेल्या काढून टाकायच्या, उरलेल्यांचा रंग आणि उजेड सुधारायचा, यात कितीतरी दिवस जातात. दोन माणसं, दोन दिवस, वर ड्रोन आणि छापील अल्बम हे सगळं कमी पैशांत बसवायचं, तर कात्री कुठेतरी लागणारच. ऐनवेळी शिकाऊ मुलगा पाठवला जातो, नाहीतर सगळ्या फोटोंवर एकच रंग फिरवून ते हातात दिले जातात, नाहीतर शेवटी ‘हे जादा होतं’ म्हणून बिल येतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : माणूस चांगला घ्या आणि त्याचे तास कमी घ्या. ज्याचं काम आवडलं त्याच्याकडे पुन्हा जा. ‘दर कमी करा’ म्हणू नका. ‘माझ्याकडे इतके पैसे आहेत, यात तुमचे किती तास मिळतील?’ असं विचारा. घासाघीस कोणालाच आवडत नाही, पण काम आटोपशीर करायला बरेच जण तयार होतात. मुख्य विधी, घरच्यांचे फोटो आणि नवरा-नवरीचा अर्धा तास, एवढं चार-पाच तासांत नीट होतं. लग्न आठवड्याच्या मधल्या वारी किंवा सीझन सोडून असेल तर तेही आवर्जून सांगा. रिकाम्या जाणाऱ्या तारखेला दर खाली येतो.

ड्रोन, प्री-वेडिंग, दुसरा कॅमेरा निःसंकोच काढून टाका. अल्बमही आत्ता नको. फक्त पूर्ण आकाराच्या फाइल मिळतील हे पक्कं करा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी तिची सुमारे २० बाय १३ इंचांची सुबक प्रिंट निघते. म्हणजे अल्बम वर्षभराने केला तरी काही बिघडत नाही. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेले फोटो मात्र दाबून लहान केलेले असतात, ते छपाईच्या उपयोगाचे नाहीत.

तरीही त्याचं गणित जमलं नाही, तर त्यालाच विचारा, ‘तुमच्याबरोबर दुसरा कॅमेरा कोण सांभाळतं?’ नावाजलेल्या फोटोग्राफरच्या हाताखाली काही सीझन काढलेली मुलं-मुली स्वतःची कामं घेऊ लागतात, तेव्हा त्यांचे दर आवाक्यात असतात आणि हात तयार झालेला असतो. माझ्या मते तोकड्या बजेटला याहून चांगला रस्ता नाही.

आता काम पारखायचं कसं? इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो बघून ठरवू नका. वेगवेगळ्या लग्नांतले दहा सुंदर फोटो कोणाकडेही असतात. ‘एका लग्नाचे, ग्राहकाला दिलेले सगळे फोटो दाखवा’ म्हणा आणि थेट संध्याकाळच्या, हॉलमधल्या फोटोंवर जा. उन्हात, बागेत फोटो चांगलाच येतो. खरी परीक्षा पिवळे बल्ब आणि जांभळे दिवे एकत्र लागलेल्या हॉलमध्ये असते. चेहऱ्याचा रंग चेहऱ्यासारखा दिसतोय की निळसर पडलाय? माणसामागच्या भिंतीवर काळी, कडक सावली उमटलीय का? तसं असेल तर फ्लॅश सरळ तोंडावर मारलाय. जाणता माणूस तो छताकडे किंवा भिंतीकडे वळवतो, म्हणजे उजेड मऊ होऊन परततो. आजी-आजोबांच्या चष्म्यावर पांढरी चकाकी आहे का, हेही बघा. फोटोत थोडे दाणे दिसले तर चालतील, अंधारात ते येतात. हललेला, पुसट चेहरा मात्र नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. आणि गर्दीतले, कोणी पोझ न दिलेले फोटो किती आहेत ते मोजा. त्यातच माणसाची नजर कळते.

आगाऊ रक्कम देण्याआधी सगळं लेखी घ्या, साधा ईमेलही चालेल. स्वतः कोण येणार, कधीपासून कधीपर्यंत, तास वाढले तर दर काय, एडिट केलेले फोटो अंदाजे किती आणि किती दिवसांत, तो आजारी पडला तर पर्यायी माणूस कोण. पूर्ण पैसे आधी देऊ नका, शेवटचा हप्ता फोटो हातात आल्यावर. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठतात का, हेही विचारा. एक कार्ड ऐनवेळी बिघडलं तर दुसरं वाचवतं.

कमी तास घेतलेत तर एक काम तुमच्यावर येतं. घरच्यांच्या फोटोंची यादी आधी करा आणि सगळ्यांना ओळखणारी, आवाज खणखणीत असलेली एक व्यक्ती फोटोग्राफरजवळ उभी करा. एका गटाला दोन-तीन मिनिटं लागतात. काकांना शोधण्यातच वीस मिनिटं गेली, तर ती तुम्ही पैसे मोजलेल्या वेळातून जातात. हे मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

प्रश्न : मामेभावाकडे चांगला कॅमेरा आहे. तो फुकट फोटो काढतो म्हणतोय. त्याच्यावर सोडावं का?
— एक होणारी नवरी

उत्तर : थोडे जरी पैसे असतील तरी मुख्य विधीचे दोन-तीन तास व्यावसायिकाला द्या आणि तयारीची गडबड, पाहुणे, हसणं-खिदळणं मामेभावावर सोपवा. असे जवळिकीचे फोटो घरचा माणूस आमच्यापेक्षा छान काढतो. पैसे अजिबात नसतील तर त्याच्यावर सोडा, पण त्या दिवशी दुसरं कुठलंही काम त्याच्या गळ्यात घालू नका आणि त्याच्या जेवणाची वेळ राखून ठेवा. आधी एकदा, लग्नाच्याच वेळेला, हॉलमध्ये जाऊन त्याला चाचणीचे फोटो काढू द्या. फोटो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने स्वतःहून प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढायला सांगा, म्हणजे दिव्यांमुळे बिघडलेला रंग नंतर बराच सुधारता येतो. जादा बॅटरी आणि जादा कार्ड तुम्ही घेऊन द्या. आणि त्याच रात्री सगळे फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एक तुमच्या घरी, एक त्याच्याकडे. तोवर कार्ड पुसायचं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.