कँटरबरी, गॅफकॉन आणि आपली मंडळी: लांबलेलं उत्तर

जय ख्रिस्त ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी इंग्लंडला ज्या इव्हँजेलिकल अँग्लिकन चर्चमध्ये जाते तिथे 'कम्युनियन फुटलं' (कम्युनियन म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून वाढलेल्या जगभरच्या अँग्लिकन चर्चांचा संघ) अशी चर्चा आहे आणि आपली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, कोणत्या बाजूला असं ती विचारते. इकडे तुमच्या मंडळीत एक गृहस्थ 'सीएनआयचा अँग्लिकनांशी संबंध संपला, आता जुन्या जागा मूळ अँग्लिकनांकडे परत जाणार' असं सांगत सह्या गोळा करतायत. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर घाईचं आहे म्हणून आधी देतो: सही करू नका. कारण पुढे येईल.

आता बातमी. ३ ऑक्टोबर २०२५ ला सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून जाहीर झालं. १०६ व्या आर्चबिशप, आणि पहिल्या बाई. आधी नर्स होत्या, इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी होत्या, मग लंडनच्या बिशप. दोन आठवडेही गेले नाहीत तोच, १६ ऑक्टोबरला, गॅफकॉन या परंपरावादी अँग्लिकन गटाचे अध्यक्ष आणि रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी पत्रक काढलं. त्यात म्हटलं: कँटरबरीचे आर्चबिशप, लँबेथ परिषद, अँग्लिकन सल्लागार समिती, प्रांतप्रमुखांची बैठक, या चारही व्यवस्था आम्ही मानत नाही. एकत्र राहण्याचा पाया फक्त पवित्र शास्त्र. आमचं नाव ग्लोबल अँग्लिकन कम्युनियन. मार्च २०२६ साठी नायजेरियात अबुजाला बिशपांची परिषदही बोलावली. आणि वर असं की आम्ही बाहेर पडलेलो नाही, आम्हीच कम्युनियन आहोत. आपल्याला हे वाक्य ओळखीचं वाटतं. 'आम्ही पक्ष सोडला नाही, आम्हीच पक्ष' हे महाराष्ट्राने इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न आपोआप येतो: चिन्ह कोणाला? फरक इतकाच की अँग्लिकनांकडे निवडणूक आयोग नाही. कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे पोप नव्हेत. १८६७ पासून ते जगभरच्या बिशपांना लँबेथला बोलावतात, अध्यक्षस्थानी बसतात, पण कोणत्याही प्रांताला हुकूम देऊ शकत नाहीत. कम्युनियनमध्ये असे ४२ प्रांत, प्रत्येकाची स्वतःची घटना.

ठिणगी बाईंच्या निवडीने पडली असं इकडच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय. ते अर्धंच खरं आहे. गॅफकॉनमध्येच बायकांच्या बिशपपदावर एकमत नाही. केनिया त्यांच्यातला मोठा प्रांत. तिथे २०२१ मध्ये रोझ ओकेनो बुटेरेच्या बिशप झाल्या. खरी ठिणगी जुनी आहे. १९९८ च्या लँबेथ परिषदेने ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठराव केला: विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, समलैंगिक संबंध शास्त्राशी जुळत नाहीत. २००३ मध्ये अमेरिकेतल्या अँग्लिकन प्रांताने, म्हणजे एपिस्कोपल चर्चने, जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी पाळकाला बिशप केलं. २००५ मध्ये नायजेरियाने आपल्या घटनेतून कँटरबरीचा उल्लेखच काढला. २००८ मध्ये जेरुसलेमला पहिली गॅफकॉन परिषद भरली, आणि २००९ मध्ये एपिस्कोपल चर्चमधून बाहेर पडलेल्यांचं उत्तर अमेरिकेत वेगळं चर्च उभं राहिलं. मग फेब्रुवारी २०२३ ला इंग्लंडच्या चर्चच्या सिनडने, म्हणजे सर्वोच्च सभेने, समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना हिरवा कंदील दाखवला, आणि त्या डिसेंबरपासून त्या उपासनेत सुरूही झाल्या. मुलाली तेव्हा या कामाच्या बिशप-गटाच्या प्रमुख होत्या. राग आहे तो यावर.

त्या मतदानाचे आकडे बघा. बिशप ३६ विरुद्ध ४. पाळक १११ विरुद्ध ८५. आणि सामान्य सभासदांच्या सभागृहात १०३ विरुद्ध ९२. म्हणजे वरच्या बाकावर जवळजवळ एकमत आणि खालच्या बाकावर जवळजवळ अर्धे-अर्धे. तुमची मुलगी ज्या चर्चमध्ये बसते तिथली अस्वस्थता मला या आकड्यांत दिसते. 'आमच्या बिशपला आमचं मन कळत नाही' ही तक्रार तिथली आहे, आणि नाव बदललं तर आपलीही आहे.

तुम्ही 'इव्हँजेलिकल म्हणजे सुवार्तिक का' असंही विचारलंय. नाही. सुवार्तिक हा कामाचा हुद्दा, इव्हँजेलिकल हा अँग्लिकनांमधला एक प्रवाह. समजावायला मी नेहमी पुण्याचं पंचहौद सांगतो. १८९० च्या चहाच्या प्रकरणामुळे सगळ्या मराठी माणसांना पंचहौद मिशन माहीत आहे. टिळक-रानडे तिथे चहा प्यायले आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, झालं. पण ते मिशन काउली फादर्सचं, म्हणजे हाय चर्च: मठवासी फादर, वेदी, झगे, संस्कारांवर भर. आमचं नाशिकचं शरणपूर याच्या उलट टोकाचं. ते चर्च मिशनरी सोसायटीचं. ही सोसायटी १७९९ ची, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्स यांच्या इव्हँजेलिकल मंडळींनी काढलेली. इथे भर वचनावर, उपदेशावर, माणसाच्या व्यक्तिगत पालटावर. वेदीपेक्षा व्यासपीठ मोठं. माझी आजी शरणपूरची आणि आजोबा पंचहौदचे. लग्नानंतर आजी बरीच वर्षं म्हणायची की यांच्याकडे उपासनेत फार उठबस असते. दोघेही अँग्लिकनच.

शरणपूरचं नाव काढलंच आहे तर थोडं वळण घेतो, कारण या भांडणात आफ्रिकेचं नाव निघालं की आपल्याकडे 'ते तिकडचे लोक' असा सूर लागतो. अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं इंग्रज आरमार मुंबईला उतरवायचं, आणि त्यातली बरीच नाशिकला मिशनकडे यायची. शरणपूर वसवणारे विल्यम सॉल्टर प्राइस. मुलं तिथे सुतारकाम, लोहारकाम, अक्षरं आणि बायबल शिकली. त्यांतला जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-शोधक लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनची शवपेटी वाहणाऱ्यांत नाशिकचा हा मुलगा होता. दुसरे विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. हे दोघे केनियाच्या किनाऱ्यावर राबईला गेले. पुढे प्राइस स्वतः मोंबासाजवळ गेले आणि सुटलेल्या गुलामांसाठी वस्ती उभी केली. तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं, फ्रेअर टाऊन. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली. केनियाच्या अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकन दीक्षित सेवक, शिकलेले नाशिकला. आज गॅफकॉनच्या व्यासपीठावर केनियाचे बिशप बसतात तेव्हा त्यांच्या पणजोबांच्या पिढीला वचन शिकवणाऱ्यांत आमच्या शाळेतली पोरं होती. मी नाशिकला असताना शरणपूर रोडवरून रोज जायचो, पण हे कळलं वयाच्या चाळिशीनंतर.

म्हणून गॅफकॉनला मी मागास म्हणून उडवून लावत नाही. विवाहाबाबत माझं मत त्यांच्याच जवळचं आहे, लपवत नाही. पण मला त्यांचं एक पटत नाही. शास्त्रावर उभं राहिलं की बाकी आपोआप सरळ होतं असा त्यांचा सूर असतो. तसं होत नाही, आणि याचा दाखला इव्हँजेलिकल अंगणातलाच आहे. जॉन स्माइथ हा लंडनचा बॅरिस्टर. इंग्लंडच्या नामांकित शाळांतल्या मुलांसाठी इव्हँजेलिकल उन्हाळी शिबिरं भरायची, त्यांचा हा मोठा पुढारी. घरामागच्या शेडमध्ये मुलांना छडीने रक्त येईपर्यंत मारायचा, पापाचं प्रायश्चित्त म्हणून. १९८२ मध्ये शिबिरवाल्यांनी गुपचूप अहवाल लिहवून घेतला आणि पोलिसांना न सांगता ठेवून दिला. १९८४ मध्ये तो झिंबाब्वेला गेला, तिथेही शिबिरं काढली. १९९२ मध्ये त्यातल्या एका शिबिरात १६ वर्षांचा मुलगा मेला. २०१८ मध्ये स्माइथही मेला, खटल्याविना. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅकिन अहवाल आला. शंभराहून जास्त मुलं आणि तरुण या माणसाने छळले होते. २०१३ मध्ये कळूनही पुरेसं केलं नाही म्हणून पाचच दिवसांत आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला.

हे सगळे लोक शास्त्र मानणारे होते. 'सेवेचं नाव खराब होईल' म्हणून गप्प बसले. आपल्या किती मंडळ्यांत हे वाक्य ऐकलंय सांगा. मी पास्टरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीचा, सेक्रेटरी असताना एकदा संडे स्कूलच्या एका शिक्षकाबद्दल तक्रार आली. पाच जणांच्या बैठकीत चौघांनी हेच शब्द वापरले. पाचवा मी, आणि मीही लगेच बोललो नाही. दुसऱ्या रविवारी त्या मुलाची आई हार्मोनियमजवळ उभी राहून 'काय ठरलं?' असं विचारायला आली, तेव्हा तोंड उघडलं. त्या माणसाला काढलं, पण पोलिसांत कोणी गेलं नाही, मीही नाही. त्यामुळे कँटरबरीला दगड मारताना माझा हात जरा आखडतो.

आता सीएनआय. ती इंग्लंडच्या चर्चची शाखा नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स. नगरकडच्या आपल्या बऱ्याच मंडळ्या मुळात अमेरिकन मराठी मिशनच्या. त्यांच्या बापजाद्यांनी कधी बिशप पाहिला नव्हता, आणि लेकरांचा बाप्तिस्मा की मोठेपणी या वादावरही दोन्ही पद्धती मान्य करून तोडगा काढला गेला. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनची सभासद आहे, पण तिचं अस्तित्व त्या सभासदत्वावर टांगलेलं नाही. गॅफकॉनच्या प्रांतांत ती नाही. उद्या कम्युनियनचे दोन तुकडे झाले तरी तुमच्या पाळकांची दीक्षा, तुमच्या नातवाचा बाप्तिस्मा, तुमचं दृढीकरण यातलं काहीच हलत नाही.

आणि जागा तर मुळीच नाही. वरच्या भांडणाने मालमत्ता सरकत नसते. १९७० च्या विलीनीकरणानेसुद्धा आपोआप सरकली नव्हती. गुजरातच्या ब्रेदरन मंडळीच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: विश्वस्त कायद्याची रीतसर प्रक्रिया न करता नुसत्या ठरावाने जागा सीएनआयकडे जात नाही. ती शिकवणी सीएनआयला कडू लागली, पण ती दोन्ही बाजूंनी लागू पडते. ठरावाने जात नाही तर म्बांडांच्या पत्रकाने कशी जाईल? जागा कोणाची हे प्रॉपर्टी कार्डावर आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या शेड्यूल १ वर लिहिलेलं असतं. विश्वस्त बदलले तर कलम २२ चा चेंज रिपोर्ट लागतो, विकायची तर कलम ३६ ची परवानगी. तुमचे गृहस्थ ज्या सह्या घेतायत त्या बहुधा अशाच एखाद्या चेंज रिपोर्टला किंवा नव्या ट्रस्टच्या अर्जाला जोडल्या जातील. आमच्याकडे असाच कागद फिरला होता. उपासना संपल्यावर, चहाच्या टेबलावर, शंभराचा स्टॅम्प पेपर, मजकूर इंग्रजीत, आणि सही करणाऱ्यांना सांगितलं की ही छप्पर दुरुस्तीची संमती आहे. एका निवृत्त तलाठ्याने चष्मा काढून सगळा कागद वाचला म्हणून वाचलो.

मुलीला एवढं सांगा. इंग्लंडमध्ये राहूनही वेगळी वाट काढता येते, आणि बरीच इव्हँजेलिकल चर्चेस तेच करतायत. काहींनी डायोसिसला (बिशपच्या विभागाला) द्यायचे पैसे इव्हँजेलिकलांच्या वेगळ्या एफेशियन फंडात वळवलेत. बाईंचं बिशपपद न पटणाऱ्यांसाठी एब्सफ्लीटच्या बिशपांची देखरेख मागता येते. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये बिशपांनीच ठरवलंय की या आशीर्वादांच्या स्वतंत्र उपासनेसाठी सिनडच्या तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतील. वरचे आकडे आठवा, ती मिळणं सोपं नाही. तिने तिच्या चर्चच्या पीसीसीला, म्हणजे स्थानिक कारभारी समितीला, दोन प्रश्न विचारावेत: आपले पैसे कुठे जातात, आणि मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी नावानिशी कोणाकडे आहे. दुसऱ्याचं उत्तर चटकन आलं नाही तर चर्च कोणत्याही कम्युनियनमध्ये असो, मी तिथे नातवंडं पाठवणार नाही.

तो कागद मला फोटो काढून पाठवा. पहिल्या पानापासून सगळी पानं, फक्त सह्यांचं नको. आणि स्टॅम्पच्या मागची तारीख आणि विक्रेत्याचा शिक्का दिसेल असा एक वेगळा घ्या.