२०१४ चा 'रोबोकॉप' रिमेक बघण्यासारखा आहे का? मूळ चित्रपट फार आवडतो, म्हणून बघायची हिंमत होत नाही.

बघा. मूळ चित्रपट जितका जवळचा असेल तितका आवर्जून बघा.

तुमची भीती मला पूर्ण समजते, कारण मीही याच भीतीपोटी तो थिएटरमध्ये पाहिला नाही. पॉल व्हर्होवेनचा १९८७ चा 'रोबोकॉप' मला जवळपास पाठ आहे. त्याच दिग्दर्शकाच्या 'टोटल रिकॉल'चा रिमेक २०१२ मध्ये येऊन गेला होता. दिसायला चकचकीत, पण मुळातला वेडेपणा त्यात औषधालाही उरला नव्हता. मग नव्या रोबोकॉपचे फोटो आले, तर चिलखत काळं! वर त्याला पीजी-१३ प्रमाणपत्र, म्हणजे मुलांनाही बघता येईल असा. मूळ चित्रपट इतका रक्तबंबाळ होता की अमेरिकेत त्याला आधी 'एक्स', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं सगळ्यात कडक प्रमाणपत्र, मिळालं होतं. पुन्हा पुन्हा कात्री लावल्यावर कुठे त्याखालचं 'आर' मिळालं. त्यातली हिंसा शोभेसाठी नव्हती. मर्फी या पोलिसाला ज्या क्रूरपणे मारतात आणि मग त्याचाच यंत्र-पोलीस, म्हणजे रोबोकॉप, बनवतात, त्यावरच पुढची सगळी कथा उभी आहे. ते काढून टाकल्यावर उरणार काय, असं मला वाटत होतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी एका रात्री सहज लावला. अर्धा तास बघून बंद करायचा विचार होता. शेवटपर्यंत बघितला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

सुरुवातच वेगळी आहे. सॅम्युअल एल. जॅक्सनचा टीव्ही निवेदक पॅट नोवाक आपल्याला तेहरानच्या रस्त्यावर नेतो. अमेरिकेचे यंत्रमानव तिथे घराघरातून माणसांना बाहेर काढून स्कॅन करताहेत. 'बघा, किती शांतता आहे,' असा निवेदकाचा सूर. तेवढ्यात काही जण जीव देण्याच्या तयारीनेच यंत्रांवर चालून जातात, आणि शेवटी स्वयंपाकाची सुरी हातात घेतलेला एक मुलगा ईडी-२०९ या भल्यामोठ्या लढाऊ यंत्रासमोर येऊन उभा राहतो. त्याचं काय होतं ते कळेपर्यंत प्रक्षेपण तोडलेलं असतं. पीजी-१३ मुळे जे दाखवता येत नाही, ते इथे वाहिनीनेच दाखवलं नाही. बंधनाचाच असा वापर पाहून मी सरसावून बसलो.

हे काम कोणाचं हे कळल्यावर उलगडा झाला. दिग्दर्शक जुझे पाडिल्हा ब्राझीलचा. त्याचा 'बस १७४' हा २००२ चा माहितीपट रिओतल्या एका बस-ओलीसनाट्यावर आहे, जे सगळ्या देशाने टीव्हीवर थेट पाहिलं होतं. पुढे पोलिसी हिंसेवरच्या त्याच्या 'एलिट स्क्वॉड'ला २००८ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. बंदूक, वर्दी आणि कॅमेरा एकत्र आले की काय होतं, हा त्याचा जुनाच विषय. हॉलीवूडच्या मोठ्या बजेटमध्ये तो आपला विषय चोरपावलांनी घेऊन आलाय.

पण मी ज्यासाठी हा चित्रपट बघा म्हणतो ते वेगळंच आहे. मूळ कथेत मर्फी मरतो, त्याची स्मृती पुसली जाते, आणि यंत्राला हळूहळू कळत जातं की आपण कधीकाळी माणूस होतो. इथे पाडिल्हाने तो प्रवास उलटा केलाय. गाडीतल्या बॉम्बस्फोटात सापडलेला मर्फी (जोएल किनामन) शुद्धीवर येतो तेव्हा त्याला सगळं आठवत असतं. बायको, मुलगा, आपलं नाव, सगळं. जुन्या चित्रपटात यंत्राच्या आत माणूस सापडतो. नव्यात माणसाला थोडं थोडं करून कळतं की आपल्यातलं किती आपलं राहिलेलं नाही.

एक प्रसंग सांगतो. आधी कळल्याने त्याची धार कमी होत नाही. मर्फी डॉक्टरांना म्हणतो, माझं काय उरलंय ते दाखवा. गॅरी ओल्डमनचा डॉ. नॉर्टन त्याच्यासमोर आरसा धरवतो आणि यंत्राचे भाग एकेक करून बाजूला होऊ लागतात. हात जातात, पाय जातात, छातीचं कवच जातं. उरतो तो चेहरा, मेंदू, धडधडणारं हृदय, श्वासासरशी फुगणारी फुप्फुसं आणि एक उजवा पंजा. एक थेंब रक्त नाही, एक गोळी नाही. तरीही मूळ चित्रपटातल्या गोळीबाराच्या प्रसंगाइतकाच हा माझ्या अंगावर आला. मर्फी मरण मागतो. ओल्डमन त्या वेळी ज्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघतो, तो चेहरा अख्ख्या चित्रपटातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

हा नॉर्टन खलनायक नाही, आणि तेच भयंकर आहे. आपण त्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो कृत्रिम हात बसवलेल्या एका गिटारवादकाला शिकवत असतो. वादक रंगात येतो आणि हात बिघडतात. भावना आवर, असं डॉक्टरचं सांगणं. भावनेशिवाय वाजवू कसं, हा वादकाचा सवाल. सगळा चित्रपट त्या दोन मिनिटांत सांगून झालेला आहे! पुढे चाचणीत दिसतं की मर्फी गोळी झाडण्याआधी विचार करतो, म्हणून तो यंत्रमानवापेक्षा हळू पडतो. मग नॉर्टन असं सॉफ्टवेअर टाकतो की लढाईच्या वेळी निर्णय यंत्र घेईल, पण मर्फीला वाटेल मीच घेतोय. डोळ्यांवरचा व्हायझर खाली आला की माणूस फक्त प्रवासी. तरीही काम भागत नाही, तेव्हा भावनांशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, डोपामिनच उतरवून टाकतात, आणि मर्फी समोर उभ्या असलेल्या बायको-मुलाला न ओळखल्यासारखा पुढे निघून जातो. दर वेळी डॉक्टर एकेक पायरी उतरतो, आणि दर वेळी त्याच्याकडे पटण्यासारखं कारण असतं. (यंत्रांना विरोध करणाऱ्या सिनेटरचं नाव ह्यूबर्ट ड्रायफस आणि डॉक्टरचं डेनेट. यंत्रबुद्धीच्या मर्यादांवर लिहिणारे ह्यूबर्ट ड्रायफस आणि जाणिवेवर लिहिणारे डॅनियल डेनेट हे खरेखुरे तत्त्वज्ञ; लेखकांनी बरोबर जागी नावं ठेवलीत.)

ज्या काळ्या रंगावर मी चिडलो होतो, त्याचं उत्तरही चित्रपटात आहे. सुरुवातीला चिलखत जुन्यासारखंच रुपेरी असतं. यंत्रमानव बनवणाऱ्या कंपनीचा मालक सेलर्स (मायकेल कीटन) ते बघतो आणि काळं करायला सांगतो, कारण ते जास्त खपेल. माणसाचा पंजाही ठेवलाय तो असाच, हस्तांदोलनात लोकांना बरं वाटावं म्हणून. म्हणजे मला जो निर्मात्यांचा बाजारूपणा वाटला होता, तो पटकथेत बाजारूपणा म्हणूनच लिहिलेला होता. तिथे मी मनातल्या मनात माझं मत मागे घेतलं.

कमतरता आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मर्फीवर हल्ला करवणारा गुंड व्हॅलन अगदीच पोकळ आहे. मूळच्या खलनायकाच्या, क्लॅरेन्स बॉडिकरच्या, पासंगालाही पुरत नाही. अंधारातली मोठी चकमक व्हिडिओ गेमसारखी वाटते. मर्फीची जुनी पोलीस जोडीदार लुईस इथे पुरुष आहे आणि त्याला फारसं कामच नाही. मर्फीची बायको झालेल्या ॲबी कॉर्निशच्या वाट्याला बहुतेक वेळ डोळे भरून येण्यापलीकडे काही येत नाही, आणि नवरा जिवंत राहावा म्हणून सही करणाऱ्या बाईच्या बाबतीत ही मोठी चूक आहे. शेवटचा अर्धा तास घाईत गुंडाळलाय. मुळातला तो बोचरा विनोद, खोट्या जाहिराती, यातलं जवळपास काही नाही.

सुमारे १० कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात २४ कोटींच्या आसपास कमावले, पण खुद्द अमेरिकेत ६ कोटींच्या आतच. पुढचा भाग निघाला नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

एकच विनंती: मूळ चित्रपट बघून लगेच दुसऱ्या दिवशी हा लावू नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. नाहीतर प्रत्येक फ्रेमची तुलना करत बसाल. आरशाचा प्रसंग पहिल्या तासाच्या आतच येतो. तोवर धीर धरा. तिथे आत काही हललं नाही, तर खुशाल बंद करा.