जुन्या फ्लॉपीतल्या फायली यूएसबी ड्राइव्हने निघतील का?

तुमचा प्रश्न असा, की घरात 3.5 इंची फ्लॉपी सापडल्यात, त्यासाठी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घ्यावा की सरळ दुकानात द्याव्यात. दुकानात देऊ नका. ड्राइव्ह घ्या, पण त्याने वाचली नाही म्हणजे फ्लॉपी मेली असं धरून ती टाकूनही देऊ नका. हे मी एवढं ठासून सांगतेय, कारण आमच्या घरात यावरून झालेलं भांडण मला अजून बोचतं.

माझी आई रोज सकाळी पाऊस मोजायची. आकडे आधी वहीत, मग लोटस 1-2-3 या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये. 1993 ते 2001, वर्षाला एक अशा नऊ फ्लॉपी. घर बदललं तेव्हा दादाने जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. मी म्हटलं, निदान फ्लॉपी ड्राइव्ह तरी काढून ठेवू. तो म्हणाला, "माहिती फ्लॉपीत आहे, डब्यात नाही. कुठल्याही मशीनवर लागेल." वह्यासुद्धा त्याच दिवशी रद्दीत गेल्या, कारण सगळं फ्लॉपीत होतंच.

बऱ्याच वर्षांनी मी यूएसबी ड्राइव्ह आणला. नऊपैकी दोन उघडल्या. बाकी सातांवर एकच उत्तर: डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, करायची का? मी घाबरून एक दुकानात दिली. तिथल्या माणसाने त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं. पूर्ण फॉर्मॅटमध्ये सगळेच्या सगळे ट्रॅक, म्हणजे चकतीवर माहिती साठवणाऱ्या गोल रेघा, नव्याने लिहिले जातात. 1997 चा पाऊस तिथे संपला. तुम्ही आज दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण प्रत्येक फ्लॉपीची कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं असलं की तिच्यावर काही लिहिता येत नाही.

उरलेल्या सहा मी कितीतरी दिवस नुसत्या टेबलावर मांडून बघत होते. सगळ्या एकाच डब्यातल्या, सारख्याच कोरड्या. मग दोनच का उघडल्या? एका रात्री लक्षात आलं की त्या दोन 2000 आणि 2001 च्या होत्या, आणि तोवर आमचा ड्राइव्ह कुरकुरायला लागल्यामुळे त्या मी माझ्या ऑफिसच्या मशीनवर लिहून आणल्या होत्या. म्हणजे फ्लॉपी चांगल्या होत्या. बिघडलेला होता तो घरचा ड्राइव्ह. त्याचं हेड, म्हणजे चकतीवर वाचणारा-लिहिणारा भाग, जागेवरून किंचित सरकलेलं होतं. या फ्लॉपीवर शेजारच्या दोन ट्रॅकमध्ये जेमतेम 0.19 मिलिमीटर अंतर असतं. हेड थोडं बाजूला सरकलं तरी तोच ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं नीट वाचतो, कारण तो लिहितानाही तेवढाच सरकलेला असतो. दुसऱ्या ड्राइव्हला मात्र तिथे नुसता गोंगाट दिसतो. आमच्या फ्लॉपी बिनचूक वाचणारं एकच यंत्र होतं, आणि ते दादाने किलोच्या भावाने विकलं होतं.

यूएसबी ड्राइव्हला यात फार काही करता येत नाही. मी जुन्या कॉम्प्युटरच्या आतला, रुंद पट्टीच्या केबलचा ड्राइव्ह मिळवला आणि त्याला ग्रीझवीझल नावाचं छोटं सर्किट जोडलं. ते फायली शोधत बसत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं. मग हेड सरकवणाऱ्या मोटरचे स्क्रू सैल केले, मोटर केसभर हलवली, पुन्हा वाचलं. एका फ्लॉपीत 80 ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला 18 सेक्टर (माहितीचे तुकडे), म्हणजे एकूण 2880. पहिल्या वाचनात दोनशेही धड नव्हते. मोटर हलव, वाच, परत हलव, असं करताना एका जागी अचानक पडद्यावरची सेक्टरांची सगळी जाळी भरत गेली. चार फ्लॉपी पूर्ण निघाल्या, पाचवीचे थोडे सेक्टर गेले. सहावीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते, ती नाही निघाली.

लोटसच्या त्या फायली लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस प्रोग्रॅममध्ये उघडतात. 1995 च्या जुलैमध्ये एका ओळीपुढे रोमन अक्षरांत मराठी शेरा होता: 'रात्री वारा, मापक कलंडला, आकडा अंदाजे'. आईला दाखवल्यावर ती म्हणाली, अंदाज कमीच धरलाय, वाढव. मी वाढवला नाही.

दादाचं म्हणणं, "शेवटी निघालंच ना!" निघालं. पण त्या डब्यातला ड्राइव्ह जपला असता तर हे एका दुपारचं काम होतं, आणि 1997 वाचलं असतं, कारण दुकानात जायची वेळच आली नसती. डिस्क आणि तिचा ड्राइव्ह ही जोडी असते, हे मी तेव्हाही सांगत होते.

आता तुमच्यासाठी. आधी प्रत्येक फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आत बघा. ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. घाण हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा पाडते. खरखर ऐकू आली तर लगेच काढा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फायली एकेक कॉपी करू नका, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल, घ्या. 1.44 एमबीची असेल तर इमेज नेमकी 14,74,560 बाइटची होते. पुढचं सगळं त्या इमेजवर करा.

दरवेळी हेडचाच दोष असतो असं मात्र नाही. चकतीवरचा थरच खरवडला गेला असेल तर कशानेही काही मिळत नाही. फ्लॉपी अमिगा या जुन्या कॉम्प्युटरच्या किंवा जुन्या मॅकच्या 400 अथवा 800 केबीच्या असतील तर यूएसबी ड्राइव्हचा उपयोग नाही. आणि मोटरचे स्क्रू तुमच्याकडच्या एकुलत्या एक चांगल्या ड्राइव्हचे सैल करू नका, त्यासाठी दुसरा आणा.

त्याआधी घरात विचारा की या फ्लॉपी कोणत्या कॉम्प्युटरवर लिहिल्या होत्या. तो माळ्यावर असेल तर पहिला प्रयत्न त्याच्याच ड्राइव्हवर करा.