दुःखाने ‘परिपूर्ण’ झाला म्हणजे काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इब्री लोकांस पत्र २:१० म्हणते, देवाने आपल्या तारणाचा जो अग्रणी, त्याला दुःखांनी परिपूर्ण केले. मग आधी तो अपूर्ण होता का? शब्बाथशाळेतल्या मोठ्या मुलांनी हे विचारले आणि मला नीट सांगता आले नाही.

अपूर्ण नव्हता. ‘परिपूर्ण’ म्हटले की आपल्या मनात ‘निर्दोष’ हा अर्थ येतो, म्हणून ही अडचण होते. मूळ ग्रीक क्रियापद ‘तेलेइओ’ म्हणजे ठरलेल्या टोकाला पोहोचवणे. शिवाय जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद याजकाच्या, म्हणजे देवापुढे अर्पणे करणाऱ्या पुरोहिताच्या, दीक्षेसाठी येते. निर्गम २९:९ आणि लेवीय ८:३३ मध्ये ‘हात भरणे’ या हिब्रू वाक्प्रचारासाठी तेच वापरले आहे. पत्राचा लेखक आपली वचने त्याच ग्रीक परंपरेतून घेतो, त्यामुळे हा अर्थ त्याच्या कानात होता असे आम्ही मानतो.

‘हात भरणे’ अगदी शब्दशः घडत असे. एक गोऱ्हा आणि दोन मेंढे आणायचे. दुसऱ्या मेंढ्याचे रक्त पहिला प्रमुख याजक अहरोन याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावायचे. मग मेंढ्याची चरबी, उजवी मांडी आणि टोपलीतली बेखमीर भाकर त्याच्या तळहातांवर ठेवायची. त्यानंतर सात दिवस उपासनेच्या मंडपाच्या दाराबाहेर जायचे नाही. हे सारे झाल्यावर तो याजक म्हणून सेवा करू शके. विधीने त्याचा स्वभाव सुधारत नसे, त्याला पदाचा अधिकार मिळत असे. मुलांना लेवीय ८ वाचायला द्या. कान, हात, पाय त्यांच्या चटकन लक्षात राहतात.

याजक लेवीच्या वंशातलेच असत; येशू यहूदाच्या वंशातला, लेवीच्या नव्हे. त्यामुळे मंदिरातली दीक्षा त्याला मिळणे शक्यच नव्हते, हे इब्री लोकांस पत्रातले ७:१४ उघडच सांगते (पुढचे नुसते आकडेही याच पत्राचे). मग त्याचे हात कशाने भरले? लेखकाचे उत्तर एकच आहे : दुःखाने.

प्रश्न : ५:८ म्हणते तो ‘आज्ञाधारकपणा शिकला’. देवाच्या पुत्राला शिकावे का लागावे?

ग्रीकमध्ये इथे यमक आहे : ‘एमाथेन’ म्हणजे शिकला आणि ‘एपाथेन’ म्हणजे सोसले. ही जोडी ग्रीकांच्या बोलण्यात पूर्वीपासून रुळलेली होती. पण एक फरक जपायला हवा. आज्ञा मोडणारा हळूहळू आज्ञा पाळायला शिकला, असा याचा अर्थ नाही. आज्ञा पाळण्याची किंमत काय असते ते तो देह धरून शिकला.

५:७ मधला ‘मोठा आक्रोश व अश्रू’ बहुतेकांना गेथशेमानेकडे नेतो, जिथे येशूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रार्थना केली. ती जागा किद्रोन ओढ्यापलीकडे, जैतुनांच्या डोंगरावर होती. नावाचा अर्थ तेलाचा घाणा. मार्क १४:३५ मध्ये ‘भूमीवर पडला’ याचे ग्रीक क्रियापद अपूर्ण भूतकाळात आहे, म्हणजे तो पुन्हा पुन्हा पडत होता असे ते वाचता येते. ‘अब्बा, हा प्याला माझ्यापासून दूर कर.’ तीनदा तो शिष्यांकडे आला, तिन्ही वेळा ते झोपलेले. ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’ या शब्दांत एक खरी मानवी इच्छा बोलते आहे, यावर सातव्या शतकात मॅक्सिमस कन्फेसर या ख्रिस्ती मठवासी धर्मपंडिताने ठाम भूमिका घेतली. त्यापायी त्याची जीभ आणि उजवा हात तोडले गेले. ६८१ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने त्याच्याच बाजूने निर्णय दिला : ख्रिस्तात दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा आहेत. गेथशेमाने नाटक ठरले असते, तर आपल्यासारखा याजक आपल्याला मिळालाच नसता.

प्रश्न : त्याने पाप केलेच नाही, तर मोहाचा जोर त्याला काय कळणार?

रस्सीखेच आठवा. पहिल्याच हिसक्याला दोर सोडणाऱ्याला समोरच्याची पूर्ण ताकद कधीच कळत नाही. शेवटपर्यंत पाय रोवून उभा राहतो त्यालाच ती कळते. ४:१५ मधले ‘तरी निष्पाप’ हे शब्द त्याला आपल्यापासून दूर नेत नाहीत.

प्रश्न : नवऱ्याचा मार खाणाऱ्या एका बहिणीला मंडळीत सांगितले जाते, ‘ख्रिस्तानेही सोसले, तूही सोस.’ हे बरोबर आहे का?

नाही, आणि हे पत्र या सल्ल्याला मुळीच आधार देत नाही. ख्रिस्ताचे अर्पण ‘एकदाच’ झाले, असे ७:२७, ९:२६ आणि १०:१० बजावतात. त्या बहिणीच्या माराने कोणाचे तारण होत नाही, नवऱ्याचेही नाही. स्वतः येशू प्रत्येक हल्ल्यापुढे उभा राहिला नाही. नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०), आणि छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा असे त्याने शिष्यांना सांगितले (मत्तय १०:२३). आधी तिला सुरक्षित ठिकाणी पोहोचवा, डॉक्टरांना दाखवा, पोलिसांत तक्रार द्यायला सोबत जा. महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करता येतो. वचन वाचायचेच तर २:१८ वाचा : ज्याने स्वतः सोसले, तो सोसणाऱ्यांना मदत करू शकतो. तिथला शब्द ‘मदत’ आहे, तो तिच्यापाशी आपल्या हातांनी पोहोचायला हवा.

प्रश्न : आजाऱ्याच्या उशाशी यातले काय वाचावे?

फार नको. ४:१४ ते १६ एवढेच, सावकाश. मग ५:७. ‘त्याचे ऐकण्यात आले’ हे शब्द आले की आजारी माणूस विचारतो, मग तो मेला कसा? घाईने उत्तर देऊ नका. तिथे मरणा‘तून’ तारण्याचा उल्लेख आहे, आणि ते तिसऱ्या दिवशी झाले. ‘तुम्ही बरे व्हालच’ असे वचन यात नाही, म्हणून तसे बोलू नका. रडू आले तर रडू द्या, कारण ५:७ मध्ये आपला प्रमुख याजक येशूही रडतो आहे.