ज्वारी सोडू का, या प्रश्नाचं उत्तर

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला, ज्वारीच्या हिरवेपणामागचा जीन शोधणाऱ्या तुझ्या जीवासचे (पूर्ण जीनोम चाळून गुणाशी जुळणाऱ्या जागा शोधायची पद्धत, जीडब्ल्यूएएस) दोन्ही वर्षांचे आलेख पाहिले. पहिल्या वर्षी जिथे शिखर होतं तिथे दुसऱ्या वर्षी सपाटी, आणि दुसऱ्या वर्षीचं शिखर भलत्याच गुणसूत्रावर. यात रडण्यासारखं काही नाही, असं रोज कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये होतं. मला राग आला तो तुझ्या शेवटच्या ओळीचा. 'ज्वारी सोडून पुण्यात माणसाच्या डेटावर काम करू का? डेटा शेवटी डेटाच ना, सर?'

अगं, डेटा कुणाचा तरी असतो. तो जीव जन्मतो कसा, जुळतो कुणाशी, त्याचं बी बनतं कसं, हे माहीत नसेल तर त्याची कोट्यवधी अक्षरं वाचूनही हाती काही लागत नाही. आधी जीव, मग जीनोम. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

मेंडेलचा वाटाणा तुला पाठ आहे. १८६६ साली तो निबंध छापून आला. त्यानंतर त्याने काय केलं, ते मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही. त्याने हायरेसियम नावाचं रानफूल घेतलं. म्युनिकचे वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांचा तो आवडता विषय, आणि मेंडेलचा त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता. फुलं इतकी बारीक की संकर करताना त्याच्या डोळ्यांची वाट लागली. आणि निकाल काय आला? संकराच्या पहिल्याच पिढीत झाडं एकमेकांपासून वेगळी, आणि त्यांची पुढची पिढी मात्र हुबेहूब आईसारखी. वाटाण्याच्या बरोबर उलट. १८६९ साली त्याने तेही प्रामाणिकपणे वाचून दाखवलं. कारण पुढे बऱ्याच काळाने कळलं: त्या झाडात बहुतेक बी फलनाशिवायच धरतं. मेंडेलची मोजणी पक्की होती, गणित पक्कं होतं. झाडच वेगळ्या रीतीचं होतं.

तू म्हणशील, ते जुनं झालं. मग माशी घे. मॉर्गनच्या लॅबमध्ये १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि तीनच वर्षांत त्याच लॅबमधल्या स्टर्टेव्हंटने गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला, कुठला जीन कुठे आहे त्याचा. हा नकाशा निघतो गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीवरून. पण फळमाशीच्या नरात ती अदलाबदल होतच नाही, ती फक्त मादीत होते. हे ठाऊक नसलेला माणूस नराकडून नकाशा काढायला बसला तर त्याला सगळे जीन एकमेकांना चिकटलेलेच दिसतील. रेशीमकिड्यात नेमकं उलटं आहे, तिथे मादीत अदलाबदल नाही. दोन्ही किडेच, दोन्ही प्रयोगशाळेतले जुने मानकरी. एकाची रीत दुसऱ्याला लावलीस की संपलं. सूत्रकृमीला दुहेरी आरएनए टोचलं की त्याला जुळणारा जीन गप्प होतो आणि तो परिणाम अंगभर पसरतो, नुसत्या जिवाणूंतून खाऊ घातलं तरी चालतं. फायर आणि मेलो यांनी १९९८ साली ही वाट उघडली आणि २००६ साली त्यांना नोबेल मिळालं. पण तोच लांब आरएनए सस्तन प्राण्याच्या पेशीत घातला तर पेशी विषाणू आला असं समजून बिथरते. तिथे आखूड तुकडे वापरावे लागतात. पद्धत जिवाकडून उसनी घ्यायची असते, पेपरमधून नाही.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या सोलापूरचंच सांगतो. तुझ्याच विभागातला एक मुलगा मागे माझ्याकडे आला होता. सांगोला, पंढरपूर, माळशिरस भागातल्या भगवा डाळिंबाच्या बागांतून पानं गोळा करायची, कुठे तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) जास्त आणि कुठे कमी हे लिहायचं, आणि त्यावरून रोगप्रतिकाराचे जीन शोधायचे, असा बेत. मी विचारलं, या बागा लावतात कशा? म्हणाला, रोपं आणून. रोपं कशी करतात? गप्प. अरे बाबा, गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून! भगवा म्हणजे एकाच झाडाची पिढ्यान्‌पिढ्यांची फांदी. फांदीत आपोआप झालेले मोजके बदल सोडले तर सगळ्या बागांत एकच जीनोम उभा आहे. त्यात फरक शोधशील तर मिळेल काय? जो फरक दिसतो तो पाण्याचा, छाटणीचा, मृग बहार धरला की हस्त, याचा. तिथे जीनोम वाचायचाच असेल तर तेल्याच्या जिवाणूचा वाच. त्या जिवाणूचा, झान्थोमोनासचा, जीनोम सुमारे पन्नास लाख बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), आटोपशीर, आणि वेगवेगळ्या बागांतले जिवाणू खरोखर वेगळे असू शकतात. झाडाचा प्रश्न जिवाणूला विचारायचा, हे सुचायला केगावच्या डाळिंब केंद्रापर्यंतही जावं लागत नाही. कुठल्याही बागेत मजुराशेजारी बसून एक गुटी बांधली तरी पुरे.

आता तुझ्या ज्वारीकडे येतो. इथे मी लांबण लावणार आहे.

तू मोजलंस काय? जानेवारीत पानं किती हिरवी राहिली, याला एक ते पाच गुण. कल्पना चांगली आहे. रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर दाणा भरते, तेव्हा शेवटपर्यंत हिरवं राहणारं झाड म्हणजे ओल जपून वापरणारं झाड, असा तुझा हिशोब. पण हिरवं राहायला झाडाला इतर कारणं पुष्कळ असतात, मुली. उशिरा फुलोरा आलेला वाण हिरवा दिसतोच, त्याचं अजून वयच झालेलं नसतं. तू प्रत्येक वाफ्यात निम्म्या झाडांना फुलोरा आल्याची तारीख लिहिलीस का? मेलमध्ये ती कुठेच नाही. खोडमाशीने पोंगा मारला की झाड फुटवे काढतं, ते फुटवे उशिरा निसवतात आणि जानेवारीत रानात सगळ्यांत हिरवे तेच दिसतात. पाखरांनी कणीस साफ केलं किंवा दाणाच धरला नाही तरी पानं हिरवी राहतात, कारण पानातलं अन्न ओढून घेणारं कुणी उरत नाही. म्हणजे तुझ्या पाच गुणांत ओल आहे, तारीख आहे, माशी आहे, चिमणी आहे. आणि हे सगळं एका आकड्यात कोंबून तू संगणकाला विचारतेस, जीन कुठे आहे?

वर जमीन. राहुरीचं कृषी विद्यापीठ रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे सुचवतं: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. ही शिफारस उगीच झालेली नाही. तुझा प्लॉट ओढ्याकडे उतरता आहे, मी पाहिलाय. खालच्या अंगाला हातभर जास्त माती आहे. पहिल्या वर्षी खाली पडलेले वाण दुसऱ्या वर्षी वर गेले असतील, तर शिखर हलणारच. ते शिखर ज्वारीचं नव्हतं, उताराचं होतं. तुझे वडील मंगळवेढ्याला आयुष्यभर ज्वारी करतात. कुठल्या पट्ट्यात कणीस आधी वाळतं हे त्यांना विचारलं असतंस तर त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं असतं. विचारलं नाहीस, कारण ते जेनेटिक्स शिकलेले नाहीत. खरं ना?

आणि बी कुठलं होतं? तू ज्यांना वाण म्हणतेस त्यातले निम्मे गावरान आहेत. गावरान म्हणजे मिश्रण. डीएनए तू एका रोपाच्या पानातून काढलास, गुण दिलेस त्याच्या भावंडांना. ज्वारी मुख्यतः स्वपरागी असली तरी वाऱ्याने थोडा परका पराग येतोच. पहिल्या वर्षी कणसांना कागदी पिशव्या बांधल्या नसतील तर दुसऱ्या वर्षी पेरलेलं बी आणि तू वाचलेला जीनोम यांचं नातं सावत्र झालं. मोहोळला १९३०च्या दशकात मालदांडी या गावरान ज्वारीतून ३५-१ हा वाण निवडला तेव्हा त्या लोकांकडे सिक्वेन्सर नव्हता. झाड पाहणारे डोळे होते, वेगळं ठेवलेलं बी होतं आणि वही होती. ती निवड अजून रानात उभी आहे.

पद्धतीतही तेच. शिखराच्या आजूबाजूला किती अंतरावरचे जीन तपासायचे, ते माप तू मक्याच्या पेपरमधून उचललंस. मका परपरागी. त्यात पिढ्यान्‌पिढ्या अदलाबदल होऊन शेजारच्या मार्करांमधलं (डीएनएवरच्या खुणांमधलं) नातं काही हजार बेसमध्येच ओसरतं. स्वपरागी ज्वारीत ते कितीतरी लांबवर टिकतं. म्हणजे खरा जीन तुझ्या खिडकीच्या बाहेर बसलेला असू शकतो. शिवाय तुकडे जुळवायला संदर्भ म्हणून तू बीटीएक्स ६२३ या ज्वारीचा जीनोम वापरलास. २००९ साली तो जीनोम आला, दहा गुणसूत्रं, सुमारे ७३ कोटी बेस, काम उत्तम. पण ती अमेरिकन रांग (शुद्ध राखलेला वंश) आहे. तिच्यावर मालदांडीचे तुकडे जुळवणं म्हणजे शेजारच्या गावच्या मतदारयादीत आपल्या गावची माणसं शोधणं. जी सापडत नाहीत ती तुझ्या फाइलमधून गुपचूप गळतात, आणि तुला वाटतं ती नाहीतच.

आणि एमए-१. फुलोऱ्याचा हा जीन म्हणजे पीआरआर ३७, हे टेक्सासच्या गटाने २०११ साली दाखवलं. तो पेपर वाचून तू त्याची इथे वाट बघत बसलीस. पण हा जीन फुलोरा रोखतो तो लांब दिवसांत. आपली पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरची, दिवस आखडत जाणारे. तिथे गाजणारा जीन इथे मुका बसला तर नवल काय? आधी जीव, आणि त्या जिवाचा हंगामही.

क्रिस्परचं, म्हणजे जीन कापून बदलायच्या तंत्राचं, एका ओळीत उरकतो, कारण तूही एका ओळीतच विचारलंस. कापण्याआधी झाड पेशीपासून उभं करता आलं पाहिजे. ज्वारी टिश्यू कल्चरमध्ये माध्यम काळं करते, टीएक्स ४३० सारखी सरावलेली रांग जमते, गावरान वाण हट्टीपणा करतात. तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये तो नाद नको.

आता माणसाचा डेटा. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. माणसाचा संकर लावता येत नाही, हवी तशी पिढी वाढवता येत नाही. म्हणून त्या लोकांनी घराणी, जुळी भावंडं, हजारोंच्या आरोग्यनोंदी यांवर शास्त्र उभं केलं. नान्नजच्या माळढोकाचंही तसंच. त्याला हात लावायची सोय नाही, गळालेल्या पिसातून डीएनए काढावा लागतो आणि जे मिळेल त्यावर बोलावं लागतं. प्रत्येक जिवाची अडचण वेगळी आणि त्या अडचणीतूनच त्याची पद्धत निघते. तुला माणसाच्या एखाद्या आजाराचा प्रश्न झोपू देत नसेल तर खुशाल जा. पण डेटा आयता आहे म्हणून जाशील तर तिथेही सहा महिन्यांनी मला असाच मेल करशील. आयत्या डेटात कुणीतरी रक्तदाब कसा मोजला, बसवून की उभं करून, हे तुला कोण सांगणार?

मी हे इतकं ताणतो, कारण मलाही याची किंमत पडली. एका हंगामात ऐन फुलोऱ्यात अवकाळी झाला, निम्मे वाफे लोळले. माझ्या तेव्हाच्या संस्थेत सगळ्यांचं म्हणणं, आकडे पाठवून द्या, बाहेरची लॅब मार्कर लावून मोकळी होईल. मी म्हटलं, एक हंगाम थांबा. नाही थांबले. बैठकीत मला अडेल म्हटलं गेलं, पेपर माझ्या नावाविना निघाला, बढतीच्या यादीतही मी मागे पडलो. पुढे तो मार्कर हलक्या जमिनीत चालला नाही. ती बातमी मी दुःखाने वाचली, असं म्हणेन तर खोटं होईल. तू म्हणशील, सर अजून तेच धरून बसलेत. बसलोय. लोळलेल्या ज्वारीचं वय मला मोजता येत नव्हतं आणि जे मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. आजही तेच आहे. वाईट वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. दाणे भरायचे दिवस आणि सिद्धेश्वरांचा गड्डा नेमके एकाच वेळी येतात. माझी मुलं दरवर्षी शेजाऱ्यांचं बोट धरून यात्रेला गेली. ते हंगाम परत मिळत नाहीत.

असो. आता रडणं बंद कर आणि कामाला लाग. पेरणीला अजून वेळ आहे. पिशवी बांधून धरलेलं बी जेवढ्या वाणांचं असेल तेवढेच घे, निम्मे गळाले तरी चालतील. प्रत्येकाचा डीएनए पुन्हा काढ, त्याच बियाण्याच्या रोपांतून. प्लॉटमध्ये ऑगर (मातीचं गिरमिट) मारून मातीची खोली लिही आणि उताराला आडवे ब्लॉक पाड. प्रत्येक ब्लॉकमध्ये मालदांडी ३५-१ असलाच पाहिजे. खोडमाशीची पोंगेमर वेगळी मोज, फुलोऱ्याच्या तारखेसाठी डिसेंबरात एक दिवसाआड शेतात जा, आणि हिरवेपणाचे गुण फुलोऱ्यापासून किती दिवसांनी दिलेस ते शेजारच्या रकान्यात लिही. मग लाव तुझं जीवास. शिखर आलं तर बोलू, नाही आलं तरी बोलू, निदान कशाचं नाही आलं ते कळेल.

रविवारी ये. येताना वडिलांनाही घेऊन ये, प्लॉटचा नकाशा मला त्यांच्यासमोर काढायचा आहे.

आशीर्वाद,
तुझा सर

ता. क. पुण्याच्या लॅबला नकार कळवू नकोस. मार्चपर्यंत मुदत माग, तोवर काढणी झालेली असेल. त्यांनी मुदत दिली नाही तर मला फोन कर, तिथल्या एकाशी माझं अजून बोलणं आहे.